काठी कोणत्या हातात?

उजवा खुबा बदलून घरी आलो, त्याला सहा आठवडे होत आले होते. फिजिओचा पोरगा सकाळीच आला, अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या, थोडा वेळ पाठीमागून नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "काका, काठी आता उजव्या हातात घ्या." मी थबकलो. इतके दिवस त्यानंच घोकून घेतलं होतं की ऑपरेशन उजव्या पायाचं, म्हणून काठी डाव्या हातात. विचारलं तर म्हणाला, "तेव्हा उजवा पाय वाईट होता. आता तुमचा वाईट पाय डावा आहे."

डावा खुबाही गेलेलाच आहे, हे मला ठाऊक होतं. एमआरआयच्या कागदावर दोन्ही बाजूंना एकच निदान होतं. उजवीकडचा मांडीच्या हाडाचा गोळा चपटा होऊन बसला होता, डावीकडचा बसायच्या बेतात होता. पण ऑपरेशनच्या धावपळीत घरचे सगळे, मी धरून, डाव्याला विसरलो. भेटायला येणारे "नवा पाय कसा आहे?" असंच विचारायचे. जुन्याची चौकशी कोणी करत नव्हतं आणि दिवसभराचा भार मात्र त्याच्यावर होता.

खुबाबदलाविषयी जी माहितीपत्रकं हातात पडतात, त्यांत एक पाय आजारी आणि दुसरा ठणठणीत असं गृहीत धरलेलं असतं. ज्यानं हे ऑपरेशन आजच्या रूपात उभं केलं, त्या जॉन चार्नली यांनी असं गृहीत धरलं नव्हतं. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात 1962 मध्ये त्यांनी धातूचा लहान गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी ही जोडी बसवायला सुरुवात केली. पुढे निकाल मोजायची वेळ आली, तेव्हा त्यांनी रुग्णांचे तीन गट पाडले: एकच खुबा खराब असलेले, दोन्ही खराब असलेले आणि खुब्याखेरीज इतर कारणांनीही चालणं अडलेले. दुसऱ्या गटातला माणूस किती चालतो यावरून पहिल्या खुब्याचं ऑपरेशन कसं झालं हे ठरवता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखली होती. आपल्याकडे अजूनही दीड महिन्यात न चाललेल्या माणसाला "हिंमतच करत नाही" असं ऐकवतात.

मी राहतो ते सिंदी (मेघे) म्हणजे वर्धा शहराला चिकटलेलं गाव. तान्ह्या पोळ्यासाठी ज्याचं नाव निघतं ते सिंदी रेल्वे वेगळं, सेलू तालुक्यातलं. पाहुणे अजूनही चुकून तिकडे उतरतात. इथून एकीकडे सावंगी (मेघे)चं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि दुसरीकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलेलं वैद्यकीय महाविद्यालय या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेलं आहे. दोन वैद्यकीय महाविद्यालयं इतकी जवळ असल्यामुळे ओपीडीच्या बाकावर यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीची माणसं बसलेली असतात. त्या बाकावर तासभर बसलं की एक गोष्ट ध्यानात येते. खुब्यासाठी आलेल्यांत पांढऱ्या केसांची माणसं असतात, तशी पंचविशी-तिशीतली पोरंही असतात. "बॉल सुकला" असं ती सांगतात, आणि विचारलं की हळूच पुस्ती जोडतात, "दोन्हीकडचा."

युरोप-अमेरिकेत खुबा बदलतात तो बहुतेक वेळा म्हातारपणच्या झिजेमुळे. आपल्याकडे मोठा वाटा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आहे. त्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. मांडीच्या हाडाचं टोक हळूहळू मरतं आणि वजनाखाली चपटं होतं, जुन्या रबरी चेंडूसारखं. कारण रक्तात किंवा औषधात असल्यामुळे ते एका बाजूवर थांबत नाही. विदर्भात पहिलं कारण सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 1958 मध्ये लॅन्सेटमध्ये केली. गोंड, परधान, माडिया अशा जमातींत आणि काही अनुसूचित जातींत हा आजार पिढ्यान्पिढ्या आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बारीकच असतात. दुसरं कारण दारू. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, तरी केसपेपरवर कारणाच्या जागी दारू लिहिलेली दिसते. त्यावर जास्त काय बोलावं. तिसरं स्टेरॉईड. कोविडच्या दुसऱ्या लाटेत जीव वाचवण्यासाठी ती द्यावीच लागली, मलाही मिळाली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्येच कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. तिघंही चाळिशीच्या आतली होती. याशिवाय घटक न छापलेल्या "गुडघेदुखीच्या पुड्या" आहेतच. आधीच एक खुबा गेलेल्या माणसानं त्यांना हात लावू नये.

मग दुसऱ्या खुब्याचं होतं काय? यावर सगळ्यांत थेट काम पॅरिसच्या फिलिप हर्निगू यांचं आहे. सिकलसेलमुळे एक खुबा दुखतोय आणि दुसऱ्यात एमआरआयला एव्हीएन दिसतंय पण दुखत काहीच नाही, असे 121 खुबे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले. 2006 मध्ये त्यांनी निकाल मांडले तेव्हा त्यांतले 110 दुखायला लागले होते आणि 93 बसले होते. सिकलसेल नसलेल्यांचं चित्र इतकं काळं नाही. अमेरिकेतल्या मायकेल मॉन्ट यांच्या गटानं 2010 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा न दुखणाऱ्या खुब्यांपैकी सुमारे 59 टक्के पुढे बिघडले; डाग लहान आणि आतल्या बाजूला असेल तर फार थोडे. हर्निगू यांचे आकडे वर्ध्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण आपल्याकडच्या सिकलसेलची जात वेगळी आहे आणि पुष्कळांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त उरतं. तरी त्यातून एक गोष्ट घ्यावी: दुखत नाही म्हणून दुसऱ्या खुब्याचा एमआरआय टाळायचा नाही, आणि तो पहिल्या ऑपरेशनच्या आधी बघायचा, नंतर नव्हे.

दुसरा बसण्याआधी वाचवता येतो का, हा प्रश्न मी तीन डॉक्टरांना विचारला आणि तीन उत्तरं घेऊन आलो. हाडात भोक पाडून आतला दाब कमी करायचा, हा एक उपाय. सिकलसेलच्या रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. भोक पाडून व्यायाम करणारे आणि नुसता व्यायाम करणारे यांच्यात तीन वर्षांनी म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. दुसरा उपाय अलेंड्रोनेटच्या गोळ्या. अगरवाला यांनी मुंबईत त्या पुष्कळ रुग्णांना दिल्या आणि चांगले निकाल मांडले. तैवानमध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा फायदा दिसला नाही. गोळा अजून गोल असेल तर दोन्हीविषयी डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही. एकदा चपटा झाला की हे सगळं मागे पडतं आणि वेळ कशी काढायची एवढंच हातात उरतं.

वेळ काढायची म्हणजे पुन्हा काठीवर आलो. एका पायावर उभं राहिलो की खुबा तराजूची दांडी होतो, फक्त टेकू मध्यभागी नसतो. शरीराचं वजन टेकूपासून लांब, आणि ते सावरणारा कुल्ह्याचा स्नायू जवळ, जवळपास निम्म्या अंतरावर. म्हणून त्या स्नायूला वजनाच्या दुप्पट ओढ लावावी लागते आणि खुब्यावर दोन्हींची बेरीज बसते. बर्लिनच्या बर्गमान यांनी रोपणातच मोजपट्ट्या बसवून हे प्रत्यक्ष मोजलं: साध्या चालीत शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, आणि ठेच लागून अडखळताना आठपटीपर्यंत. काठी विरुद्ध हातात धरली की तिचा टेकूपासूनचा पल्ला सगळ्यांत लांब पडतो, म्हणून थोड्याशा दाबानं स्नायूचं काम बरंच हलकं होतं. पिशवीचं गणित याच्या उलट. ती दुखऱ्या खुब्याच्याच बाजूला धरायची. भाजी आणायला जाताना लोक मला टोकतात, "अहो, दुखतं त्याच बाजूला कशाला वजन?" मी आता समजावत बसत नाही.

पण दोन्ही खुबे खराब असले की तराजूच्या दोन्ही बाजू बोलतात. काठी डावीकडे घेतली की उजवा सुटतो आणि डावा बिचारा तसाच राहतो. पहिल्या आठवड्यांत म्हणून एक काठी पुरत नाही. वॉकर किंवा दोन कोपरकुबड्याच हव्यात, आणि त्या एकसारख्या उंचीच्या. हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी मूठ यावी. माझी पहिली काठी घरात पडून असलेली होती, चार बोटं उंच. खांदा वर चढवून चालत होतो आणि मान धरली की खुब्याला दोष देत होतो. रबरी बुडाकडेही बघावं. माझ्या काठीचं बूड एका बाजूनं इतकं झिजलं होतं की फरशीवर धातू टेकत होता. नवं बूड थोडक्या पैशांत मिळतं. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत काठी बोटभर रुतते आणि उपसताना तोल जातो. श्रावणात मी अंगणापलीकडे फारसा गेलोच नाही.

जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी, हा नियम प्रत्येक वॉर्डात शिकवतात. दोन्ही वाईट असतील तर कोणता आधी? सुरुवातीला टाके असलेला पाय वाईट धरायचा. आठवड्यांमागून कधीतरी पारडं फिरतं. नवा खुबा न दुखता वजन घेऊ लागतो आणि जुना ओरडतो. त्या दिवशी पायऱ्यांचा क्रम आणि काठीचा हात, दोन्ही बदलायचे. तो दिवस तारखेनं येत नाही, आणि घरच्या माणसांना तो दिसतही नाही. माझ्या पत्नीला वाटलं, बरं चाललेलं माझं चालणं बिघडलं.

याहून अवघड आहे "अर्धं वजन टाका" हा सल्ला. सिमेंटनं बसवलेल्या सांध्यावर सहसा पहिल्या एक-दोन दिवसांतच पूर्ण वजन टाकू देतात. बिनसिमेंटच्याही बऱ्याच वेळा. काही वेळा मात्र हाड नाजूक असतं, सिकलसेलमध्ये तर हाडाची पोकळी अरुंद आणि घट्ट झालेली असते, आणि सर्जन काही आठवडे अर्ध्या वजनावर ठेवतो. उरलेलं अर्धं कुठे जाणार? दुसऱ्या पायावर, जो स्वतःच मोडकळीला आला आहे. म्हणून ऑपरेशनच्या आधी स्पष्ट विचारावं: नंतर किती वजन टाकू देणार, आणि दुसरा पाय ते पेलू शकेल का? मी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आणखी एक तक्रार दोन्ही खुबे गेलेल्यांत हमखास असते: "पाय लांब झाला." बऱ्याच वेळा नवा पाय योग्यच लांबीचा असतो. जुना गोळा चपटा झाल्यामुळे तो पाय आखूड झालेला असतो, पण दोन्ही सारखे आखूड होते तोवर कळत नव्हतं. आता उभं राहिलं की एक टाच वर राहते, कंबर तिरकी होते. आखूड पायाच्या चपलेत पातळ सोल घातला की कंबरेचा ताण उतरतो. सोल फार जाड नको, कारण दुसरंही ऑपरेशन झालं की तो काढायचाच आहे.

आता घर. मागच्या बाजूनं खुबा उघडला असेल तर साधारण दीड ते तीन महिने मांडी घालू नये, पाय पायावर टाकू नये आणि गुडघा खुब्याच्या वर येईल असं बसू नये, असं सांगतात. आमच्या भागात हे पाळणं म्हणजे घराचा निम्मा रिवाज बाजूला ठेवणं. जेवायला पाट, गप्पांना ओटा, झोपायला बाज, शौचाला उकिडवं. बाज सगळ्यांत फसवी. दिसते उंच, पण मधे झोळ पडतो आणि माणूस बसला की गुडघे छातीशी येतात. उठताना तर दोन्ही खुब्यांना एकदम झटका. आम्ही बाजेवर जाड फळी टाकली, पायांखाली विटा दिल्या. तेव्हा कुठे मी कोणाला हाक न मारता उठू लागलो. कमोडची खुर्ची भाड्यानंही मिळते. ज्याचा दुसरा पाय धड आहे तो तिच्यावर एका पायाच्या जोरानं उतरतो. ज्याचा नाही त्याला भिंतीत पक्की बसवलेली पाइप लागते. टॉवेलच्या दांडीला धरायचं नाही, ती उपटून येते. रिक्षात पाठ आधी आत न्यायची, मग दोन्ही पाय एकत्र. मोटरसायकलच्या मागे बसायचं नाव काढू नये.

औषधांत एक खाचखळगा असा की पहिल्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असते आणि दुसऱ्या खुब्यासाठी माणूस मेडिकलमधून दुखायची गोळी आणून खातो. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सिकलसेलवाल्यांची मूत्रपिंडं तर आधीच नाजूक. साधी पॅरासिटामॉल आधी, बाकीचं विचारून. दुसऱ्या खुब्यात इंजेक्शन घेऊन काही महिने काढावेत असंही सुचवलं जातं. पण स्टेरॉईडच्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून आधी ऑपरेशनची तारीख ठरवावी, मग इंजेक्शनचा विचार करावा.

दोन्ही एकदम का करत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. करतात. माणूस तरुण आणि इतर बाबतींत धडधाकट असेल तर एकाच भुलीत दोन्ही उरकतात. रक्त जास्त जातं, पण रुग्णालयाची फेरी एकच. पाठीचा कणा आणि दोन्ही खुबे ताठ झालेल्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णाला तर हे विशेष उपयोगी, कारण एकच खुबा सोडवला तर दुसरा वाकलेलाच राहतो आणि माणूस सरळ उभाच राहू शकत नाही. वयस्कर, हृदयाचे किंवा सिकलसेलचे रुग्ण असतील तर सहसा टप्प्यानं. मराठी वाचकाच्या आठवणीतलं उदाहरण खुब्याचं नसून गुडघ्याचं आहे: अटलबिहारी वाजपेयी यांचा एक गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि दुसरा जून 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. पंतप्रधानांच्या दिमतीला सगळं असूनही मधे आठ महिने होते. माझं मत विचाराल तर दोन्ही गोळे बसलेले असून प्रकृती साथ देत असेल, तर एकदम करण्याचा पर्याय डॉक्टरांनी स्वतःहून मांडायला हवा. मधल्या महिन्यांचा त्रास क्ष-किरणात दिसत नाही, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही.

एखाद्याचा दुसरा खुबा पहिल्यानंतर हलकाही होतो. नवा पाय निम्मा भार उचलू लागला की जुन्याची धग कमी होते, आणि माणूस दुसरं ऑपरेशन वर्षानुवर्षं पुढे ढकलतो. त्यात काही वावगं नाही. उलटंही घडतं: पहिल्याच्या दुखण्याखाली दबलेलं दुसऱ्याचं दुखणं आता एकटं उघडं पडतं, आणि "ऑपरेशन करूनही दुखतंच" अशी बोंब होते.

पैशाचा विषय टाळता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली आणि 2017 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती तोवर दोन्ही खुबे एकाच वर्षात म्हणजे घरातल्या बाकीच्यांनी आजारीच पडू नये. आता ती 5 लाख झाली आहे. वर्धा हा शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतला, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला पांढऱ्या शिधापत्रिकेवरही सातबारा दाखवून लाभ मिळत आला आहे. काउंटरवरच्या आरोग्यमित्राला दोन्ही खुब्यांबद्दल एकदमच विचारावं. सिकलसेल 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे, पण प्रमाणपत्रासाठी तपासणीला जावं लागतं आणि रांग उभ्यानं असते. दोन्ही खुबे गेलेल्याला त्या रांगेत खुर्ची मिळाली तरी पुष्कळ झालं.

रोपणाच्या डब्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवलेले असतात. ते जपून ठेवावेत, दुसऱ्या खुब्याच्या वेळी लागतात. शिवाय 2010 च्या ऑगस्टमध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीपाय कंपनीनं धातूवर धातू घासणारा एएसआर खुबा जगभरातून मागे घेतला. भारतात तो सुमारे 4,700 शस्त्रक्रियांत बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं हे प्रकरण लावून धरलं. आपल्या मांडीत नेमकं काय बसवलं आहे हे त्या रुग्णांतल्या अनेकांना कागदाशिवाय सांगता येईना.

दुसऱ्याची तारीख ठरवताना डॉक्टरांनी मला विचारलं, "मग कधी?" मी म्हणालो, उन्हाळ्यात नको. 45 अंशांत बाहेर पडणं नाही, घाम, जखम, आणि सिकलसेलवाल्यांना तर पाणी कमी पडलं की दुखण्याचा झटका येतो. पावसाळ्यात चिखल. कापूस वेचायच्या दिवसांत घरात माझ्याजवळ बसायला कोणी नसतं. त्यांनी कॅलेंडर उलटवलं, जानेवारीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तोवर काठी उजव्या हातातच." मी काठी उचलली आणि सवयीनं डाव्या हातात घेतली.